पोटात घातलेल्या साड्या

माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरवायला माझा नवरा, सोसायटीचा वॉचमन आणि समोरच्या ब्लॉकमधला कॉलेजात जाणारा मुलगा असे तिघे लागले. नवरात्र आठ दिवसांवर आलं होतं. ट्रंक सासूबाईंची, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्यावर माझ्या आईचं गाठोडं, तेही सहा वर्षं न सोडलेलं. शिवाय दर दिवाळीला ‘सध्या वर टाकू’ म्हणत मीच चढवलेल्या पिशव्या. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या ब्लॉकचा माळा तो केवढा, पण त्यात तीन बायकांची कपाटं बिनबोभाट मावली होती.

हॉलमध्ये चादर अंथरून सगळं मोजायला घेतलं. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मोजल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. ६१ साड्या निघाल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास दोन दिवस भातालासुद्धा येत होता.

घर आवरण्याचे व्हिडिओ मी त्याआधी पुष्कळ पाहिले होते. वर्षभरात ज्याला हात लावला नाही ते काढून टाका, असं त्यातल्या सगळ्या बायका हसऱ्या चेहऱ्याने सांगतात. त्या हिशेबाने ६१च्या ६१ साड्या जायला हव्या होत्या. मी तीन ढीग केले: द्यायच्या, ठेवायच्या आणि ‘बघू’. संध्याकाळी मोजले तर द्यायच्या ९, ठेवायच्या ११ आणि ‘बघू’ ४१. ठेवायच्या ढिगात येवल्याची पैठणी आणि बाकी लग्नाकार्याच्या. ‘बघू’मध्ये काय नव्हतं ते विचारा. नवरा ढिगाला वळसा घालून चहा घेऊन गेला आणि म्हणाला, “आता हा ढीग परत माळ्यावर टाकायला किती माणसं बोलावू?”

दुसऱ्या दिवशी बोहारीण आली. ती बाई साडी उलगडत नाही. दोन बोटांच्या चिमटीत पदराचं टोक धरते आणि तिला काय ते कळतं. जरीच्या तीन फाटक्या रेशमी घेतल्या, चार झुळझुळीत घेतल्या, आणि घासाघीस करून त्या सातांवर एक स्टीलचा डबा दिला. सुती साड्यांकडे तिने पाहिलंही नाही. “या विटक्या कोण घेणार, ताई? फरशी पुसायला होतील.”

आईची नऊवारी त्याच विटक्यांत होती.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी सटाण्याकडच्या. वयाने त्या माझ्याहून लहान, पण मी त्यांना मावशी म्हणते आणि त्या मला ताई, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कणकेचे हात पदराला पुसत त्या हॉलच्या दारात उभ्या राहिल्या आणि ढिगातून बरोबर सगळ्यांत मऊ, सगळ्यांत रंग गेलेली, सासूबाईंची रोजची साडी उचलून गालाला लावली. म्हणाल्या, “ही पोटात घालायची.”

गोधडीला वरचं अंग असतं, खालचं अंग असतं आणि मधलं असतं ते पोट. पोटात जी साडी जाते ती जितकी धुऊन धुऊन झिजलेली तितकी चांगली. नव्या सुती कापडाला खळ असते, ते ताठ असतं, सुईला अडवतं आणि पुढे धुतल्यावर आटतं. वीस वर्षं नेसलेली साडी जितकी आटायची तितकी आटून बसलेली असते. म्हणजे आम्ही जपून जपून घडीत ठेवलेल्या साड्या या कामाच्या नाहीत, आणि ज्यांची फडकी व्हायची त्याच मानाच्या. हे मला फार आवडलं. गोधडी करायची ठरली ती त्या क्षणी. मला धावदोरा नीट येत नव्हता ही गोष्ट नंतर लक्षात आली.

आता सुती कोणती आणि सुतीसारखी दिसणारी कोणती, हा प्रश्न. यात माझं विज्ञान कामाला आलं. प्रत्येक साडीच्या काठापासून एकेक दोरा उपसला, चिमट्यात धरला आणि गॅसच्या ज्योतीजवळ नेला. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच येतो, आणि राख बोटाने चोळली की भुरभुरून जाते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी उरतो. रेशमाला केस जळल्याचा वास. एका प्रदर्शनातून ‘अस्सल हातमाग, शंभर टक्के कॉटन’ म्हणून भरपूर पैसे मोजून घेतलेल्या माझ्या निळ्या साडीच्या टोकाला टपोरा काळा मणी आला. नवऱ्याने तो मणी बशीत ठेवून दोन दिवस पाहुण्यांना दाखवला.

बोहारणीने नेल्या त्या सोडून ‘बघू’ आणि ‘द्यायच्या’ मिळून सुती निघाल्या १६, आणि न जळता वितळणाऱ्या २७. म्हणजे इतकी वर्षं माळ्यावर सगळ्यांत जास्त जागा अडवली होती ती आहेरातल्या जॉर्जेटनी. न नेसता येणाऱ्या, न देता येणाऱ्या. कारण देणाऱ्याला ‘नेसलीस का गं?’ असं विचारायची सवय असते. त्यातली जांभळी, अंगभर चंदेरी टिकल्यांची, माझ्या नणंदेने तिच्या मुलाच्या लग्नात दिलेली. ती मी ढिगाच्या तळाशी सरकवली.

मावशी म्हणाल्या, “या आमच्या भावाला द्या. डाळिंबाला नेसवील.”

मला वाटलं गंमत करतात. पण कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, डाळिंबाच्या बागा जुन्या साड्यांनी झाकतात. फळावर थेट ऊन पडलं की साल भाजते, तांबूस-काळा चट्टा उठतो आणि ते फळ बाजारात मार खातं. पातळ साडीतून उजेड येतो, वारा खेळतो, ऊन मात्र मऊ होतं. सुती साडी उघड्यावर लवकर विरते. ही न विरणारी कापडं तिथे टिकतात. शेतकरी असल्या साड्या विकतसुद्धा घेतात. माझ्या २७ साड्या दोन पोत्यांत भरून सटाण्याच्या एसटीने गेल्या. जांभळी आत घालताना मी एकदा जिन्याकडे पाहिलं, जणू काही नणंद वर येत होती.

उरल्या सुती. नवरात्रात आणि दिवाळीत कुणी गोधडी शिवत नाही, पण कापड तयार करायला तेवढा वेळ लागतोच. फॉल उसवायचे. पिको कापायचा. जाड काठ काढून टाकायचे, कारण काठात सुई शिरत नाही. हे मला सांगून झालं होतं, तरी एका साडीचा कुयरीचा काठ मला इतका आवडला की मी तो पोटातच राहू दिला. पुढे तिथे दोन सुया मोडल्या. मग साड्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत टाकल्या. पाणी चहासारखं झालं. तीन पाण्यांनी खळबळल्यावर चौथं निवळ आलं. तोवर मरून रंगाच्या एका साडीने बादलीतल्या तिच्या सोबतिणीला गुलाबी करून टाकलं होतं. मरून बाद. गुलाबी झालेली मात्र चालली. पोटात कोण बघतंय.

एक चूक मात्र अजून सलते. पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून सोड्याची पहिली दोन पाणी मी गॅलरीतल्या कुंड्यांना घातली. सोड्याने माती खारावते हे मी सातवीच्या वर्गाला शिकवलेलं आहे. आठवड्यात मोगऱ्याची पानं पिवळी पडली आणि काठांनी करपली. कुंडी रिकामी करून माती बदलली, मुळं धुतली, तरी मोगरा गेला. त्याच्या शेजारचा कढीपत्ता कसा वाचला देव जाणे.

वाळलेली प्रत्येक साडी मावशींनी खिडकीतल्या उजेडासमोर धरली. जिथून उजेड आरपार येतो तिथे कापड जीर्ण. सासूबाईंच्या साड्यांना बसायच्या जागी आणि निऱ्यांच्या खाली अशा जागा होत्या. तीन साड्या इतक्या विरल्या होत्या की हात लावला तिथे फाटल्या. त्यांच्या पट्ट्या करून ठेवल्या. सोळातल्या आठ धुऊन पुढच्या वेळेसाठी बाजूला. पोटासाठी सासूबाईंच्या तीन आणि वरच्या-खालच्या अंगाला आईची नऊवारी.

ती नऊवारी हिरवी, बारीक चौकड्यांची. ‘मालेगावच्या मागावरची’ असं आई कौतुकाने सांगायची. आयुष्याची शेवटची वर्षं ती आलटून पालटून दोनच साड्या नेसायची, त्यातली ही. हिशेब सोपा होता. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. सहा-सहा फुटांचे चार तुकडे, दोन जोडून वरचं अंग, दोन जोडून खालचं. उरतात तीन फूट. कागदावर मी हे सुबक काढलं, खडूने खुणाही केल्या. कात्री हातात घेतली आणि हात चालेना.

मावशींनी कात्री काढून घेतली. “कापायची नसते ताई, फाडायची असते. कात्री वाकडी जाते. फाडलं की कापड आपल्या दोऱ्यावर सरळ जातं.” त्यांनी काठाला बोटभर छेद दिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “दूध उतू जाईल,” आणि स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दूध नव्हतंच. बाहेरून चार वेळा फर्रकन आवाज आला. पाचव्याची वाट बघत मी ओट्याशी उभी होते, मग आठवलं की तुकडे चार आणि उरलेला पाचवा, म्हणजे फाडणी चारच.

जाड सुती दोरा आणि मोठ्या नाकाच्या सुया आणायला आम्ही मेन रोडला गेलो. शालिमारपाशी गाडी लावून चालत. दुकानदाराने आधी नायलॉनचा दोरा पुढे केला, ‘तुटणार नाही’ म्हणून. मावशींनी बजावून ठेवलं होतं की दोरा कापडाहून दांडगा घ्यायचा नाही. जुन्या कापडाला तो आतून कापत जातो. पांढऱ्या सुती दोऱ्याच्या सहा गुंड्या, सुयांची दोन पाकिटं, एक अंगुस्तान. येताना रविवार कारंजावरून नवऱ्याने चिवडा घेतला, ही त्याची मजुरी.

तुळशीचं लग्न लागलं आणि आम्ही हॉल रिकामा केला. सोफा भिंतीला उभा, टीपॉय बेडरूममध्ये. फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसली. खालचं अंग उलटं अंथरलं, त्यावर पोटाचा पहिला थर. सहावारीचा पन्हा पावणेचार फूट, त्यामुळे दोन तुकडे शेजारी ठेवले की जोड बरोबर मधोमध येतो. सगळे थर असेच घातले तर जोडावर जोड येऊन मध्ये काठीसारखी रेघ होणार आणि ती झोपणाऱ्याच्या पाठीला टोचणार. म्हणून एक आड एक थरात एक तुकडा उभा फाडून त्याची दोन अर्धुकं दोन्ही कडांना आणि अख्खा तुकडा मध्ये. ही युक्ती मावशींची, पण ती कागदावर काढून समजून घ्यायला मला अर्धा तास लागला आणि त्यांना मला समजावताना हसू आवरेना. तीन साड्यांचे नऊ तुकडे. चार थरांना आठ लागले आणि नववा ठिगळांना. प्रत्येक थर मधून बाहेर तळव्याने सारवल्यासारखा ताणायचा आणि कडेला वजन ठेवायचं. वरवंटा, खलबत्ता, साखरेचा डबा, गव्हाचा डबा, दोन शब्दकोश. सर्वांत वर आईची चौकडी.

त्यानंतर कच्चा टाका. लांब लांब टाके घालत सगळे थर एकमेकांना नुसते धरून ठेवायचे, पक्की शिवण झाली की उसवून टाकायचे. मावशी म्हणाल्या वीतभर अंतरावर घाला. दुपारी त्या गेल्या आणि माझे गुडघे बोलायला लागले. कडेला नीट घातले, मध्ये मात्र दोन-दोन फुटांवर. कोण बघतंय हे वाक्य मी त्या महिन्यात फार वेळा म्हटलं.

गोधडी कडेपासून आत शिवत नेतात. पहिला फेरा मावशींनी घातला, कारण पहिला वाकडा तर पुढचे सगळे वाकडे. मग एका बोटाच्या अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं चौकोनात चौकोन. दोरा हातभरच घ्यायचा. लोभाने लांब घेतला की गुंता होतो आणि सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. दोऱ्याला मेणबत्ती चोळली की तो सरसर जातो. गाठ वर दिसू द्यायची नाही, थरांच्या मधे ओढून घ्यायची. शिवणारी बाई गोधडीवरच बसते, एक पाय लांब, एक दुमडून, आणि तिच्याच वजनाने कापड ताणलेलं राहतं. दहा मिनिटांत माझ्या पायाला मुंग्या येत.

मी अर्थातच हिशेब केला. साधारण ७२ इंच रुंद आणि ८७ इंच लांब. इंचावर एक फेरा धरला तर ३६ फेरे. सगळ्या फेऱ्यांची मिळून शिवण जवळजवळ १६० मीटर, आणि इंचाला दोन टाके धरले तर साडेबारा हजार टाके. हा आकडा मी मोठ्याने वाचला आणि वाचायला नको होता असं लगेच वाटलं. तासाला मी नऊ-दहा फूट शिवत होते. बाहेरचा एकेक फेरा साडेसव्वीस फुटांचा, म्हणजे तीन संध्याकाळी एक फेरा.

या दोन महिन्यांत स्वयंपाक आखूड झाला. मुगाची खिचडी, पिठलं, फोडणीचा भात, पुन्हा खिचडी. मला त्याचं वाईट वाटलं नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाला थोडं वाटलं. पण माळ्याची खोड स्वयंपाकघरालाही लागली. कपाटात रबरबँड लावलेल्या अर्ध्या पिशव्या किती असाव्यात? तीन प्रकारची ज्वारी, दोन वेळा आणलेली बाजरी, तळाला उरलेले तांदूळ, हरभरा डाळ, सालाचे उडीद, धन्यांच्या तीन पुड्या. हे संपेपर्यंत नवं धान्य आणायचं नाही असं ठरवून भाजणी केली. ज्वारी-बाजरी भरपूर, तांदूळ आणि गहू त्याच्या निम्मे, हरभरा डाळही निम्मीच, कारण ती जास्त झाली की थालीपीठ फुटतं. उडीद वाटीभर, ते पिठाला धरून ठेवतात. धने मूठभर. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर, अगदी धीराने. एकत्र टाकलं तर हरभरा डाळ गरम होईपर्यंत धने कोळसा होतात. एक अख्खी सकाळ गेली, पण घराला शेवटी डांबराच्या गोळ्यांऐवजी दुसरा वास आला. गिरणीवाल्याने विचारलं, “गव्हावर दळू का ज्वारीवर?” मी म्हटलं, “कशावरही दळा, यात सगळंच आहे.” साडेतीन किलो पीठ झालं आणि डिसेंबरभर पुरलं.

गॅलरीतही बदल झाले. मेलेल्या मोगऱ्याच्या जागी द्राक्षाचा एक जुना प्लॅस्टिक क्रेट ठेवला, आत गोणपाट, त्यावर माती. बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, गेले होते तिथून मेथीचं बी आणून पेरलं. चौथ्या दिवशी कोंब. टोमॅटोची दोन रोपं काठीला बांधायला जीर्ण साड्यांच्या पट्ट्या निघाल्या. सुतळी देठाला काचते, ही कापडी पट्टी काचत नाही, आणि झाड जाड झालं की तीच थोडी सैल होते. सासूबाईंना बागेची अजिबात आवड नव्हती. ‘मातीने फरशी घाण होते’ हे त्यांचं वाक्य. आता त्यांची फिकट पिवळी साडी दोन टोमॅटोंना सांभाळत उभी होती.

चौदाव्या फेऱ्याला घात झाला. गोधडीवर हात फिरवताना मध्ये काहीतरी मऊ उंचवटा लागला. उलटी करून बघितलं तर खालच्या अंगाला भली मोठी चुणी, आणि ती शिवणीत पक्की बसलेली. बाहेरून आत शिवत आलं की प्रत्येक फेरा कापडाला थोडं आत ढकलतो. तो सगळा झोळ मधे साठत जातो. त्यासाठीच तर तो कच्चा टाका वीतभर अंतरावर. मी मावशींना दाखवलं नाही, पण त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “मध्ये विरळ घातला होता ना?” सहा फेरे उसवले. म्हणजे बारा-तेरा संध्याकाळी. उसवायला मात्र दोनच लागल्या. मग वजनं पुन्हा मांडली, झोळ चहूकडे सारला, जिथे अगदीच ऐकेना तिथे थोडं कापड कड सोडून बाहेर ओढलं, आणि यावेळी कच्चा टाका वीतभर, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

त्या आठवड्यात थंडीही वाढली. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की आमच्याकडे मुंबईच्या नातेवाइकांचे फोन येतात, जणू आम्ही बर्फात बसलोय. मी गोधडीच्या शिवून झालेल्या कडा पायावर घेऊन उरलेली शिवत होते. हे फार सोयीचं असतं. काम जसं पुढे जातं तसं ते आपल्यालाच पांघरूण घालतं. नवरा समोर क्रिकेट बघत सुया ओवून द्यायला लागला. एका वेळी सहा ओवून तो त्या उशीत टोचून ठेवी. त्याला चष्म्याशिवाय ओवता येतं आणि मला चष्मा लावूनही येत नाही, हा त्याचा त्या हिवाळ्यातला मोठा आनंद होता.

विसाव्या फेऱ्यानंतर काम पळायला लागलं. चौकोन लहान होत जातो. आधी एका संध्याकाळी एक फेरा, मग दोन, आणि शेवटी तर उठायच्या आत पाच. माझे पहिले टाके तांदळाएवढे, मधले कंटाळलेले, वाटाण्याएवढे, आणि शेवटचे पुन्हा बारीक. एका कोपऱ्यात ओळ चक्क उतरत गेली आहे. त्या दिवशी पोलिओच्या डोसासारखे दारावर एकामागून एक लोक येत होते. मी मावशींना विचारलं, उसवू का? त्या म्हणाल्या, “राहू द्या. तेवढं गोधडी पोटात घालते.”

भोगीच्या दिवशी सकाळी मध्ये तळहाताएवढा चौकोन उरला. मावशी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी करत होत्या, मी वांगी, घेवडा, गाजर, ओला हरभरा, बोरं असं सगळं चिरून-निवडून ठेवलं होतं. क्रेटमधली मेथी शेजारणीकडे गेली, भोगीला तिचा मेळ बसेना. मावशी हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, “उपाशी पोट शिवू नये.” त्यांच्याकडे शेवटच्या टाक्याआधी आत घास ठेवतात, सणाच्या अन्नाचा. मी मुंग्यांचा मुद्दा काढला. बरीच चर्चा झाली. शेवटी भाजणीसाठी काढले तेव्हा उरलेले सात-आठ तांदळाचे दाणे आणि चिमूटभर तीळ यावर तडजोड झाली. दाणे आत सरकवले, पाच टाके घातले, दोरा आत ओढला आणि दाताने तोडला. कच्चे टाके ओढून काढताना ते लांबलचक पांढरे दोरे हॉलभर झाले.

वजन केलं. पावणेदोन किलो. गच्चीवर दिवसभर उन्हात घातली आणि रात्री पांघरली. साखरेच्या डब्याचा गोल डाग एका बाजूला आहे, तो धुऊन जाईल असं म्हणतात.

आईच्या नऊवारीतले उरलेले तीन फूट अजून कपाटात आहेत. ‘बघू’मध्ये ती एकच वस्तू उरली आहे. बाकी आठ धुतलेल्या सुती साड्यांकडे बघून मावशी अधूनमधून ‘पुढच्या तुळशीच्या लग्नाला’ असं म्हणतात आणि मी गुडघा चोळते.

मार्चमध्ये मावशींच्या भावाने फोनवर फोटो पाठवला. डाळिंबाची लांब ओळ, प्रत्येक झाड नेसलेलं. पिवळी, आकाशी, फुलाफुलांची, आणि चौथ्या झाडावर जांभळी, चंदेरी टिकल्या उन्हात अशा चमकत होत्या की बाकी बाग फिकी. खाली त्याने लिहिलं होतं, ‘ताई, हिच्यामुळे पाखरंपण येत नाहीत.’

त्याच संध्याकाळी पुण्याहून नणंदेचा फोन. पाडव्याला येतोय सगळे. “वहिनी, मी दिलेली ती जांभळी काढून ठेवा बरं का. दोघी सारख्या नेसू, फोटो काढू.”

मी म्हटलं, “बघू.”